शिशाच्या रेघा, पितळेचं सोनं

पानावर शिसपेन्सिलीच्या रेघा दिसल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. शाळेत कोऱ्या कागदावर पट्टीनं ओढायचो तशाच करड्या, बारीक, एकाखाली एक. विक्रेत्यानं वर्णनात लिहिलं होतं, ‘प्रारंभिक गॉथिक, पॅरिस, सुमारे ११८०. लॅटिन बायबलाचं पान, चर्मपत्र, सोन्याचं आद्याक्षर.’ ऑनलाइन लिलावात त्या एका पानाला मी २८० पौंड मोजले होते. बाराव्या शतकात पेन्सिल कुठली?

इंग्लंडात रात्रीचे साडेदहा म्हणजे साताऱ्यात पहाटेचे चार. बाबा उठलेले असतात. सरकारी दप्तरात मोडी वाचण्यात त्यांची उभी नोकरी गेली, त्यामुळे असल्या भानगडीत पहिला फोन त्यांनाच जातो.

“बाबा, फसले बहुतेक.”

“किती गेले?”

“तीसेक हजार.”

“हं. फोटो नंतर पाठव. आधी सांग, कागद कसला आहे?”

कागद नाही, कातडं आहे, म्हटल्यावर ते जरा थबकले. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा क्रम सांगितला: आधी कागद, मग शाई, मग अक्षराचं वळण, मग शिक्का, आणि मजकूर सगळ्यांत शेवटी. मजकूर आधी वाचला की माणूस त्यातल्या गोष्टीत अडकतो आणि डोळे बघायचं सोडून देतात, असं त्यांचं म्हणणं. बनावट सनदा त्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. खोटी सनद करणारा आधी जुन्या वहीच्या शेवटची कोरी पानं मिळवतो. कागद अस्सल जुनाच असतो. पण त्या कागदाची खळ मेलेली असते, त्यामुळे नवी शाई त्यावर फुटते. “कागद खरा म्हणून लेख खरा असं नसतं, अगं. प्रत्येकाला वेगळं विचारायचं.”

त्या रात्री मात्र मी कातड्याला काही विचारलं नाही. इंटरनेटला विचारलं, आणि तिथं आणखी घोळ झाला. ‘गॉथिक हस्तलिखित’ शोधलं तर समोर आलं स्वीडनमधलं उप्साला. जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईनं लिहिलेलं ‘कोडेक्स आर्जेंटियस’, गॉथिक भाषेतली बायबलातली शुभवर्तमानं. गॉथ लोकांसाठी बिशप वुल्फिलानं चौथ्या शतकात केलेल्या भाषांतराची ही सहाव्या शतकाच्या सुरुवातीची प्रत, बहुधा इटलीत रावेन्नाला लिहिलेली. माझ्या पानाशी तिचा काडीचा संबंध नाही. माझं पान गॉथिक लिपीतलं, भाषा लॅटिन. त्या टोकदार, दाटीवाटीच्या अक्षराला ‘गॉथिक’ हे नाव पुढं इटलीतल्या पंडितांच्या तुच्छतेतून चिकटलं. गॉथ म्हणजे रानटी, या अर्थानं. गॉथांनी ती लिपी कधी लिहिली नाही.

चुकून गेले तरी त्या वाटेवर मी दोन तास रमले. उप्सालाच्या ग्रंथात १८७ पानं आहेत. १९७० साली जर्मनीत श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये, संतांचे अवशेष ठेवायच्या पेटीत, एका काठीला गुंडाळलेलं आणखी एक पान सापडलं. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट. ते पान कुठलं हे ठरवताना शेजारी ठेवून बघायला तज्ज्ञांपुढं १८७ पानं होती: तोच जांभळा रंग, तीच चांदी, तेच वळण. माझं पान एकटं. त्याची भावंडं असलीच तर कुठं आहेत, कोण जाणे.

आमच्या गावातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या लॅटिन लिप्यांचा संध्याकाळचा वर्ग चालतो. मी त्यात दुसऱ्या वर्षी होते, म्हणजे वाचता थोडंफार येत होतं आणि पारख शून्य. शिकवणाऱ्या बाई निवृत्त ग्रंथपाल. त्यांच्याकडे पान नेलं. हातमोजे त्यांनी घातले नाहीत. स्वच्छ कोरडे हात बरे, मोज्यात बोटांना स्पर्श कळत नाही आणि पान फाटतं, म्हणाल्या. त्यांनीही मजकूर वाचला नाही. पान उचलून खिडकीशी धरलं, कडेवरून बोट फिरवलं, उलटलं, पुन्हा उलटलं. मला बाबाच दिसले.

कातडं खरं आहे, हे एका मिनिटात ठरलं. एक बाजू पिवळट, भिंगाखाली केसांच्या मुळांचे ठिपके. दुसरी पांढरी आणि मऊ. चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, चंद्रकोरीच्या आकाराच्या पात्यानं खरवडलेलं कातडं असंच दिसतं. कडेला ओळी आखण्यासाठी टोचलेली बारीक भोकं होती, रांगेनं. आणि रेघा?

मी घाबरत घाबरत पेन्सिलीचं सांगितलं. बाई हसल्या. “ते शिसं आहे. खरंच शिसं.” बाराव्या शतकाआधी लेखनिक बहुधा बोथट टोकानं नुसत्या दाबून, बिनरंगी रेघा ओढत. मग शिशाची कांडी आली, आणि तिची रेघ करडी उमटते. आपल्या शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, नाव तेवढं शिशाचं. इथं नाव माझ्या डोक्यात पेन्सिलीचं होतं आणि वस्तू अस्सल शिशाची. ज्या रेघांनी माझी झोप उडवली त्याच पानाच्या बाजूच्या पहिल्या साक्षीदार निघाल्या.

खरी पेन्सिल पानावर होतीच, पण दुसरीकडे. खालच्या कोपऱ्यात चकचकीत करड्या अक्षरांत ‘सु. ११८०’ आणि एक संक्षिप्त खूण. कुणा जुन्या विक्रेत्याचा हात. माझ्या विक्रेत्यानं तारीख बहुधा तिथूनच उचलली होती. म्हणजे ११८० हे साल पानानं सांगितलेलं नव्हतं, पानावर कुणीतरी लिहिलेलं होतं. बाबांच्या पेशवेकालीन कागदांत शुहूर सन असतो, ‘छ’ लिहून चंद्रतारीख असते. पंचांग काढून बसलं की दिवससुद्धा निघतो. या पानावर लेखनिकानं काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. तारीख काढायची ती सवयींवरून.

पहिली सवय फार छोटी आहे, आणि मला तीच सगळ्यांत आवडली. देवनागरी अक्षर रेघेला लटकतं. मोडीत तर आधी पानभर रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. लॅटिन अक्षर उलट, रेघेवर बसतं. तेराव्या शतकाच्या साधारण पहिल्या चतुर्थांशापर्यंत लेखनिक आखलेल्या सगळ्यांत वरच्या रेघेवर पहिली ओळ बसवत. मग सवय बदलली. वरची रेघ झाकणासारखी रिकामी सोडायची आणि पहिली ओळ तिच्याखाली, दुसऱ्या रेघेवर लिहायची. ऑक्सफर्डच्या नील कर यांनी १९६० साली एका लेखात हा बदल दाखवून दिला आणि तेव्हापासून तेराव्या शतकाचं पान हातात आलं की लोक आधी वरची रेघ बघतात. मी भिंग घेऊन बघितलं. माझ्या पानावर दोन्ही रकान्यांच्या माथ्यावर रेघ होती, रिकामी. विक्रेत्याची पन्नासेक वर्षं तिथंच गळून पडली.

एका सवयीवर निकाल देत नाहीत. काही मठांत जुनी पद्धत रेंगाळली, काही ठिकाणी नवी लवकर आली. म्हणून पुढचं बघायचं: अक्षरांची गळामिठी. गोल पोटाची दोन अक्षरं समोरासमोर आली की गॉथिक लेखनिक त्यांची पोटं एकमेकांत घुसवतो, दोघांत मिळून एकच काठ. ‘डी’पुढं ‘ई’, ‘डी’पुढं ‘ओ’, ‘पी’पुढं ‘ओ’. आपण जोडाक्षरं लिहीत वाढलेलो, त्यामुळे मला यात नवल वाटत नव्हतं; वर्गातल्या बाकीच्यांना वाटत होतं. गटिंगेनच्या विल्हेल्म मायर यांनी १८९७ मध्ये याचे नियम मांडले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही मिठी तुरळक दिसते, पुढं घट्ट आणि नेमाची होते. माझ्या पानावर मी एका रकान्यात मोजायला बसले, आणि ‘डी-ई’ जोडी सुटी लिहिलेली एकदाही सापडली नाही.

आता मजकूर. बाबांच्या क्रमानं तो शेवटी आला, आणि त्यानंच सगळ्यांत जास्त सांगितलं. पुढच्या बाजूला ‘न्यायाधीश’ या पुस्तकाचा शेवट, मागच्या बाजूला ‘रूथ’ची सुरुवात. रकान्यांत प्रकरणांचे रोमन आकडे, एक लाल, एक निळा, आळीपाळीनं: एकविसावं प्रकरण, मग रूथचं पहिलं, दुसरं. हे आकडे आजच्या बायबलातल्या आकड्यांशी तंतोतंत जुळतात. ही विभागणी स्टीफन लँग्टन यांच्या नावावर आहे. ते पॅरिसला शिकवत, पुढं कँटरबरीचे आर्चबिशप झाले आणि १२२८ मध्ये वारले. त्याआधी बायबलाची प्रकरणं ठिकठिकाणी वेगवेगळी पाडलेली असत. पॅरिसमध्ये तयार होणाऱ्या बायबलांतून ही नवी पद्धत १२३०च्या सुमारास सगळीकडे पसरली. मग ११८०च्या पानावर ती कशी असेल?

“आकडे मागाहून घातले असतील,” असं मीच म्हटलं. विक्रेत्याची वकिली करायची मला तोवर सवय लागली होती. बाईंनी पान माझ्याकडे सरकवलं. मागाहून घातलेले आकडे समासात असतात, नाहीतर ओळींच्या फटीत कोंबलेले. इथं लेखनिकानं ओळीच्या शेवटी आकड्यापुरती जागा मोकळी सोडलेली होती. लिहिणाऱ्याला आधीच माहीत होतं की इथं आकडा येणार आहे.

तर १२३० ते १२६०. तेवढ्यावर बाई थांबल्या. पॅरिस? पॅरिस असेल, उत्तर फ्रान्समधलं दुसरं गाव असेल, इंग्लंडही असेल. या काळातली बायबलाची पानं इतकी आहेत की विक्रेता त्यांना सरसकट पॅरिस म्हणतो, आणि बाराव्या शतकातली त्यामानानं कमी, म्हणून ‘प्रारंभिक’ लावलं की भाव चढतो. मला वाईट वाटलं का? थोडं. पण रीतसर ओळख पटलेलं तेराव्या शतकाचं पान घेऊन घरी यायला मी एव्हाना तयार होते. बाईंनी पान परत दिलं नाही.

“सोनं बघू या,” म्हणाल्या.

रूथची सुरुवात ‘इन दिएबुस’ अशी होते, म्हणजे ‘...च्या दिवसांत’. त्यामुळे आद्याक्षर ‘आय’, आणि ‘आय’ म्हणजे लेखनिकाला मोकळं रान. रकान्याच्या कडेनं हवा तितका लांब खांब उभा करता येतो. माझ्या पानावरचा खांब बारा ओळी उंच, सोनेरी, आत निळी वेल आणि तिच्यावर पांढरे बारीक ठिपके. लिलावात मी भुलले ते याच खांबाला. या खांबामधूनच पानाची घडी गेलेली आहे, आडवी.

घडी आली कुठून? सोळाव्या शतकापर्यंत छापील बायबलं सर्रास मिळू लागली, हस्तलिखितं अडगळ झाली, आणि पुस्तकबांधणीवाल्यांना चिवट कातडं आयतं मिळालं. माझं पान आडवं करून, दुमडून एका लहान वहीचं आवरण झालं होतं. घडीवर शिवणीची भोकं आहेत, एक बाजू सरसानं काळवंडलेली आहे. घडीच्या रेषेवर लेखनिकाची शाई तडकली आहे, काही अक्षरं अर्धी झिजून गेलीत. शेकडो वर्षं उघडझाप झाली की असं होणारच. पण सोनेरी खांब? तो घडीवरून सुळकन गेलेला. ना तडा, ना झीज. बाईंनी टेबलदिवा आडवा करून उजेड तिरका पाडला, भिंग माझ्या हातात दिलं आणि शिवणीच्या एका भोकाकडे बोट दाखवलं. भोकाच्या आतल्या काठावर सोनेरी रंगाचा ओघळ उतरला होता.

भोक आधी, रंग नंतर. याला प्रयोगशाळा लागत नाही.

मी काहीच बोलले नाही. मग अतिनील टॉर्च काढला. अंधारात चर्मपत्र निळसर पांढरं उजळतं आणि मायफळाची शाई कोळशासारखी काळी उठते. ही शाई करायची कृती ऐकून मला गंमत वाटली होती: मायफळ, हिराकस आणि डिंक. मायफळ म्हणजे तेच, आजी बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळायची ते. त्या उजेडात सगळी लिखाणाची शाई एकजात काळी, आणि आद्याक्षराभोवती कातड्याचा एक पट्टा वेगळ्याच छटेत. तिथं खरवडलेलं होतं. रंगाच्या कडेबाहेर जुन्या, साध्या लाल-निळ्या आद्याक्षराच्या पिसाऱ्यासारख्या रेषांची टोकं अजून शिल्लक होती. कुणीतरी साधं अक्षर खरवडून त्याजागी सोन्याचं बसवलं होतं, कारण सोन्याचं पान जास्त किमतीला जातं.

कार्बन चाचणी करायची का, असं मी विचारलं. नवखा माणूस हे विचारतोच. बाईंनी शांतपणे समजावलं. त्यासाठी पानाचा तुकडा कापून द्यावा लागतो, खर्च पानाच्या किमतीहून जास्त, आणि उत्तर येतं ते जनावर कधी मेलं याचं, तेही काही दशकांच्या पट्ट्यात. लेखनिकानं कधी लिहिलं, हे कार्बन सांगत नाही. रंगवणाऱ्याबद्दल तर अवाक्षरही नाही. मग त्यांनी येल विद्यापीठातल्या ‘विनलंड नकाशा’ची गोष्ट सांगितली. चर्मपत्र पंधराव्या शतकाचं, कार्बन चाचणीत उत्तम उत्तीर्ण. रेषांच्या शाईत मात्र टायटॅनियम, विसाव्या शतकातल्या रंगात असतं तसं. तो बनावट असल्याचं येलनं २०२१ मध्ये जाहीर केलं. मला बाबांची कोरी पानं आठवली. सातारा काय आणि येल काय, खोटं करणाऱ्याची सुरुवात एकाच दुकानातून होते.

पुढचं काम यंत्रानं झालं. विद्यापीठाच्या संवर्धन विभागात विद्यार्थ्यांना एक्स-रे फ्लुअरेसन्सचा सराव द्यायचा होता, त्यांना नमुना हवा होता, मला पैसे वाचवायचे होते. पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र पानापासून मिलिमीटरभर अंतरावर धरतात, तुकडा कापावा लागत नाही, आणि पडद्यावर मूलद्रव्यांचे सुळके उभे राहतात. रेघांवर शिसं. बाई बरोबर होत्या, मी तरीही टाळी वाजवली. प्रकरणाच्या लाल आकड्यावर पारा, म्हणजे हिंगूळ. शाईवर लोखंड. इथवर सगळं तेराव्या शतकाला शोभेसं. मग खांब. सोनेरी भागावर सोन्याचा सुळका नाहीच; तांबं आणि जस्त. पितळेची भुकटी. पांढऱ्या ठिपक्यांवर टायटॅनियम, आणि टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो १९२०च्या आसपास.

यंत्र धरणारा विद्यार्थी माझ्याकडे बघून “सॉरी” म्हणाला. जणू त्यानंच रंगवलं होतं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही, फक्त भोकातला ओघळ दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, “रंगवणारा आळशी. भोक आधी बुजवायला पाहिजे होतं.”

विक्रेत्याला मी सभ्य पत्र लिहिलं, फोटो आणि सुळक्यांचे आलेख जोडले. उत्तर आलं की वर्णनात ‘सुमारे’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि परतीची मुदत ३० दिवसांची होती. आद्याक्षराबद्दल चकार शब्द नाही. ‘न्यायाधीश’च्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा आहे: त्या दिवसांत इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरं वाटे ते तो करी. ती ओळ माझ्याच पानावर आहे, खांबाच्या आधी. पत्रात घालायचा मोह झाला होता, आवरला. भांडणं वाढवायची तर पुन्हा वकिलाचे पैसे.

खांब काढून टाकावा का, असा विचार आठवडाभर डोक्यात होता. संवर्धनवाल्यांनी नको म्हटलं. खालचं अक्षर आधीच खरवडलेलं आहे, रंग काढताना उरलंसुरलंही जाईल. शिवाय तो रंगही आता पानाचाच भाग आहे. मला ते पुरतं पटलेलं नाही. पण हात लावलेला नाही.

पान आता आम्लरहित पुठ्ठ्याच्या घडीत आहे. कोपऱ्यातलं ‘सु. ११८०’ मी खोडलेलं नाही. पुठ्ठ्यावर, पानावर नाही, माझी नोंद लिहिली, अर्थात पेन्सिलीनं: लॅटिन बायबल, न्यायाधीश आणि रूथ, सुमारे १२३० ते १२६०, उत्तर फ्रान्स किंवा इंग्लंड; पुढं वहीचं आवरण म्हणून वापर; आद्याक्षर १९२० नंतर पितळी रंगानं रंगवलेलं.

रविवारी फोनवर आईनं वेगळंच विचारलं. इतके दिवस तुम्ही दोघं कातडं आणि शाई करताय, त्यात लिहिलंय काय? मग मी वाचत वाचत सांगितलं. दुष्काळ पडतो, एक कुटुंब गाव सोडून परमुलखात जातं, तिथं नवरा आणि दोन्ही मुलं जातात, सासू परत निघते आणि एक सून तिची पाठ सोडत नाही. गावी पोचतात तेव्हा जवाची कापणी सुरू झालेली असते. सून म्हणते, मी शेतात जाऊन सरवा वेचते.

“मग?”

मग पान संपतं.